चालू फ्रीजला भोक

ही योजना ज्यानं काढली त्यानं आमच्या घाटातलं हिर्डोशी गाव बघितलेलं नाही, एवढं मी लिहून देतो. जुना फ्रीज आणा, तो चालू पाहिजे, गॅस काढून त्याच्या कॉम्प्रेसरला भोक पाडा, भोकाचा फोटो टाका, मग कमी वीज खाणाऱ्या नव्या फ्रीजवर सरकारची सूट. भोरमध्ये भोकं पाडायचं काम माझ्याकडं आलं. तीस वर्षं बंद पडलेले फ्रीज चालू करून देणारा मी, हनीफ, आता चालू फ्रीज मारत बसलो होतो.

योजनेची साइट सकाळी कधी उघडायचीच नाही. म्हणून मी आपली रीत लावली. सकाळी भोकं पाडून फोटो काढून ठेवायचे, फॉर्म दुपारनंतर भरायचे. महिनाभर कुठं काही अडलं नाही.

मे महिन्यात अंबूवहिनी हिर्डोशीहून टेम्पोत फ्रीज घालून आल्या. माझा दोस्त कोंडिबा, त्याची ही बायको. कोंडिबा जाऊन चार वर्षं झाली. मुलगी रत्ना चोवीस वर्षांची, अकराव्या वर्षापासून तिला साखर. रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. वर गावात मेडिकल नाही, एसटी आली तर आली, म्हणून दोन महिन्यांच्या बाटल्या आणून फ्रीजमध्ये ठेवायच्या. त्यासाठीच कोंडिबानं तो फ्रीज घेतला होता.

"लई बिल येतंय भाई ह्याचं," वहिनी म्हणाल्या. "नवा मिळतोय तर बगा."

विजेच्या बिलावर नाव कोंडिबाचंच. मी म्हणालो, चालतंय. आपल्याकडं माणूस गेला म्हणून मीटरवरचं नाव कोण बदलायला जातंय? माझ्या घरचं बिल अजून अब्बांच्या नावानं येतं. मी गॅस काढला, ड्रिल लावलं, फोटो घेतला.

दुपारी साइट उघडली आणि मोबाईलवर नवीनच पान आलं. मीटर ज्याच्या नावावर, त्यानं कॅमेऱ्यापुढं यायचं आणि डोळे मिचकावायचे. मी ते पान तीनदा बंद करून उघडलं. वहिनी शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मी त्यांना ते वाचून दाखवलं.

"आता ते कुठनं यायचे?" एवढंच त्या म्हणाल्या.

योजनेतले नवे फ्रीज देणाऱ्या दुकानदाराला मी फोन लावला, नको नको ते बोललो. तो म्हणाला, मीटर वहिनींच्या नावावर करा, मग नवा फॉर्म भरू. वाटलं, कुणाचा तरी जुना फ्रीज तात्पुरता देऊ. दुकानात सदतीस फ्रीज उभे होते, पण सगळ्यांना मीच भोकं पाडलेली. माझ्यासारखा गाढव मीच.

संध्याकाळी जाहिदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपला फ्रीज द्या ना त्यांना. आपल्याला काय, माठातलं पाणी चालतंय."

मी म्हणालो, चार दिवसांत फॉर्म होतोय, कशाला? खरं सांगू? दोनच वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला, दोन दारांचा फ्रीज. द्यायला माझा जीव होत नव्हता. वहिनींना फोनवर सांगितलं, बाटल्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा, मी करतो काहीतरी.

मग मी नाव बदलायच्या मागं लागलो. मृत्यूचा दाखला पाहिजे, तर कोंडिबाची नोंदच कुणी केलेली नव्हती. ग्रामसेवक लग्नाला गेलेले. ते आले तर वारसाचा कागद पाहिजे. रोज वाटायचं, उद्या होतंय. उन्हं अशी पडली होती की दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली बसवत नव्हतं. रोज रात्री माझं पाणी आमच्या फ्रीजमध्ये गार होत होतं आणि मी ते पीत होतो.

नवव्या दिवशी मलाच माझी लाज वाटली. जाहिदानं फ्रीज रिकामा करून पुसून दिला. टेम्पोत दोऱ्यांनी बांधून आम्ही वर निघालो. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होतो, की वहिनी, हा ठेवून घ्या, परत मागणार नाही.

घरासमोर आठ-दहा माणसं बसली होती. वहिनी दाराशी होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"परवा गेली रत्ना," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन रोज घेत हुती ओ. एक बी चुकवलं न्हाई. बाटलीत पानी तसंच सवच्छ दिसत हुतं. गुनच येईना. उलट्या लागल्या, मग श्वास. गाडी मिळंस्तोवर घाटातच..."

औषध उन्हानं खराब होतं आणि दिसायला तसंच राहतं, हे मला माहीत होतं. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला माहीत असतं. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी तिथंच खाली बसलो. टेम्पोवाल्यानं मागचं फळकूट उघडलं आणि विचारलं, उतरवू का.

वहिनींनी फ्रीजकडं बघितलं.

"न्या माघारी, भाई," त्या म्हणाल्या. "आन् त्यो फारम बी आता भरू नका. मला एकलीला काय ठेवायचंय त्यात?"