छकुलीची टेप

खरखर मंडळाचे सभासद त्रेचाळीस. त्यांतले एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले जेमतेम सहा. बाकीचे भेटतात ते इंटरनेटवर, आणि तेही घरच्यांनी केव्हाच भंगारात काढल्या असत्या अशा वस्तूंबद्दल बोलायला: टीव्हीला जोडायचे चाळीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर, ज्यांचे प्रोग्राम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवलेले असत. कॅसेट लावली की कानठळ्या बसवणारी खरखर सुरू होते. ती खरखर हाच प्रोग्राम. मंडळाचं नाव त्यावरून.

मंडळ चालवते मावशी. ती त्यांतल्या कुणाचीच मावशी नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून निवृत्त झालेली बाई. मंडळाची सगळी साइट तिच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालते. नियम दोनच. पहिला, बिघाड आधी, बढाई मागून: काय दुरुस्त केलं हे सांगण्याआधी आपल्या हातून काय बिघडलं ते लिहायचं. दुसरा, काहीही पुसायचं नाही. भांडण झालं, कुणी वाह्यात बोललं, तर मावशी तो मजकूर उचलून ‘माळा’ नावाच्या कप्प्यात टाकते. ज्याला हौस असेल त्याने वर चढून वाचावं. अकरा वर्षांत फारसं कुणी चढलेलं नाही.

शिवाय एक न लिहिलेला नियम. कुणी तीन आठवडे गप्प राहिलं की मावशी फोन करते. "काही नाही रे, लाइन चालू आहे का बघितलं," एवढंच म्हणते.

मंडळातल्या दातवाल्याला या बाईचं मोठं अप्रूप होतं. तो पेशाने कवळ्या बनवणारा. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे त्याच्या छोट्या लॅबमध्ये यायचे आणि कवळ्या होऊन परत जायच्या. या नादापायी तो याआधी चार-पाच ठिकाणी सभासद होऊन बसला होता. सगळीकडे तिसऱ्या दिवशी लोक एकमेकांच्या झिंज्या उपटायचे. इथे मात्र माणसं स्वतःची फजिती लिहून आत यायची, त्यामुळे कुणाचं नाक फार वर राहत नसे.

त्याचं स्वतःचं मात्र जरा राहिलं होतं.

झालं असं, की मंडळातल्या गुरुजींनी त्याच्याकडे एक टेप पाठवली. गुरुजी गणिताचे निवृत्त शिक्षक. आता नजर अधू झालेली. ऐन तरुणपणी त्यांनी धाकट्या बहिणीसाठी एक खेळ लिहिला होता: नऊ भांडी, त्यांतल्या एकात लपलेलं मांजर, शोधायला तीन संधी. ही बहीण बारा वर्षांनी भावाकडे येणार होती, येत्या रविवारी, एका दिवसापुरती. तिला तो खेळ पुन्हा खेळायला द्यायचा, एवढीच गुरुजींची इच्छा. टेप एकच. दुसरी प्रत नाही.

दातवाल्याने आपला टेपरेकॉर्डर आधी जय्यत तयार केला. टेप ज्या धातूच्या तुकड्यावरून सरकते त्याला हेड म्हणतात. त्याच्या बाजूच्या बारीक स्क्रूने त्याचा कल ठरतो. चाचणीची खास टेप लावून त्याने तो कल काटेकोर जुळवला, स्क्रू हलू नये म्हणून त्यावर लाल लाखेचा ठिपका दिला आणि फोटो मंडळावर टाकला. खाली लिहिलं, ‘केसाइतकाही फरक नाही.’ बिघाडाचा रकाना कोरा ठेवला.

मग गुरुजींची टेप लावली. खरखर आली, पण दबलेली. कॉम्प्युटरने ढिम्म दाद दिली नाही. मावशीच्या शिकवणीप्रमाणे त्याने आधी आवाजाची नक्कल नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती, तिच्यावर हरतऱ्हेचे प्रयोग केले. शुक्रवारी त्याने हात टेकले आणि जाहीर केलं: ‘टेप मेली आहे. वरचा थर गेला. गुरुजी, माफ करा.’

गुरुजींनी उत्तर दिलं, ‘हरकत नाही. तुम्ही कष्ट घेतलेत.’

एवढ्यावर भागलं असतं. पण हातोडीला राहवेना. हातोडी म्हणजे बसगाड्यांच्या डेपोतला मेकॅनिक. त्याने लिहिलं, ‘दातवाल्याकडे टेप पाठवली की आणखी काय होणार? बोळकं!’

चौदा जणांनी हसणारे चेहरे टाकले. दातवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने लांबलचक राजीनामा लिहिला, त्यात हातोडीच्या अकलेचं मोजमाप केलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

"कशातून राजीनामा दिलास?" बायकोने विचारलं. "पगार नाही, खुर्ची नाही, आणि राजीनामा?"

शनिवारी दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. मावशीच.

"मावशी, मला समजवायला फोन केला असेल तर…"

"तुला कोण समजावतंय? राजीनामा माळ्यावर ठेवलाय, सोमवारपर्यंत. मला एकच सांग. टेपेचा आवाज पूर्ण गेलाय, की दबलाय?"

"दबलाय. तोंडावर हात ठेवून कुणी बोलावं तसा."

"हं. एक्स्चेंजमध्ये लोक ओरडायचे, पलीकडचा मुका झालाय म्हणून. पलीकडचा ठणठणीत असायचा, यांनीच रिसीव्हर तिरका धरलेला असायचा. थांब, गुरुजींना जोडते."

"आता कशाला त्यांना त्रास? मी काय तोंडाने…"

पण खट् झालं होतं. गुरुजी लाइनवर होते.

"गुरुजी," मावशी म्हणाली, "तुमचा तो जुना टेपरेकॉर्डर कसा होता हो? ज्याच्यावर ही टेप भरली तो."

"चांगला होता की. बहिणीने, आमच्या छकुलीने, एकदा स्टुलावरून पाडला, तरी चालायचा. फक्त एक गंमत व्हायची. आमच्याकडे भरलेली गाणी आमच्याकडे खणखणीत वाजायची, आणि शेजारच्यांकडे तीच टेप लावली की उशीखालून आल्यासारखी. त्यांचंच यंत्र भिकार, असं आम्ही म्हणायचो."

दातवाल्याची नजर हातातल्या कामावर गेली. त्याच्यासमोर टेबलावर प्लास्टरचा एक जबडा होता. म्हातारबुवांचा, डावीकडे चांगलाच उतरलेला. सकाळपासून त्याची कवळी घडवणं चालू होतं, आणि ती त्या जबड्याइतकीच डावीकडे उतरती होती, कारण वाकड्या जबड्याला सरळ कवळी बसत नाही. हे त्याला वीस वर्षं माहीत होतं. शिकाऊ असताना पहिल्याच महिन्यात त्याने एक देखणी, सरळसोट कवळी केली होती आणि ज्या बाईंसाठी केली त्या ती घालून जेवू शकल्या नव्हत्या.

"मावशी," तो म्हणाला, "ठेवतो."

"ठेव. आम्ही दोघं बोलतोय."

रेकॉर्डर आणि बाकीचं सामान त्याने घरून लॅबमध्येच मागवून घेतलं; आणून देताना बायको म्हणाली, "परत घेतलास वाटतं राजीनामा." लाख खरवडून काढताना त्याचा जीव तुटला. कवळीचे दात कोरायचं सर्वांत बारीक हत्यार घेतलं, टेप चालू केली आणि डोळे मिटले. उजवीकडे पाव फेरा: आवाज आणखी दबला. परत मागे. डावीकडे कणभर, अजून कणभर. आणि एका क्षणी खरखर अशी धारदार झाली की शेजारच्या शिंप्याने भिंतीवर थाप मारली.

नवी नक्कल उतरवून त्याने ती कॉम्प्युटरला ऐकवली. सहा मिनिटं. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं: ‘तू कोण?’

प्रोग्राम तपासायचा म्हणून त्याने आतल्या ओळी वाचल्या. एका ओळीपाशी थांबला. तिचा अर्थ असा होता: नाव ‘छकुली’ असेल, तर तिसऱ्या वेळी ती सांगेल त्याच भांड्यात मांजर ठेव.

रविवारी तो सगळं सामान घेऊन गुरुजींच्या घरी गेला. पन्नाशी उलटलेल्या छकुलीने चष्मा पुसला, नाव लिहिलं, दोन भांडी चुकवली आणि तिसऱ्यात मांजर काढलं. मग पुन्हा. मग पुन्हा. कोपऱ्यात ठेवलेल्या फोनमधून मावशी सगळं ऐकत होती.

"बघ दादा!" छकुली म्हणाली. "तेव्हाही कधी हरले नाही, आताही नाही. डोकं शाबूत आहे माझं."

"ते आहेच," गुरुजी म्हणाले आणि त्यांना खोकला आला.

दातवाला वायरी गुंडाळण्यात गर्क झाला.

संध्याकाळी त्याने मंडळावर लिहिलं. पहिल्यांदा बिघाड: ‘जिवंत टेप मेली म्हणून जाहीर केली. वाकड्या रेकॉर्डरवर भरलेली टेप मी सरळ हेडवर वाजवत होतो आणि दोष टेपेला देत होतो. माझा धंदा कवळ्यांचा आहे, त्यामुळे या चुकीला माफी नाही.’ मग दुरुस्ती, चार ओळींत. फोटोत स्क्रू होता, लाखेशिवाय.

हातोडीचं उत्तर आलं: ‘बोळक्याला दात फुटले. मानलं बुवा. माझ्याकडे अशा मेलेल्या अकरा टेपा आहेत, पाठवू का?’

राहता राहिला प्रश्न प्रोग्रामच्या ओळींचा. वाचवलेलं सगळं मंडळावर ठेवायचं, हा शिरस्ता, म्हणून प्रोग्राम मावशीकडे शनिवारीच गेला होता. आणि छकुलीने जाता जाता सभासद व्हायचा अर्ज भरला होता. बिघाडाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दादाचा टेपरेकॉर्डर स्टुलावरून पाडला.’

दातवाल्याने मावशीला फोन लावला. "ती ओळ…"

"कुठली ओळ?" मावशी म्हणाली. "मी प्रोग्राम माळ्यावर ठेवलाय. तुझ्या राजीनाम्याखाली. तिथे कोण चढतंय?"