मोतीलालजींचे विनोद

मोतीलालजींना हसताना तळेगावात कोणी पाहिलेलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते फोटोग्राफरनं ऐनवेळी भाव वाढवल्यासारखे उभे आहेत. बसस्टँडच्या वळणावर त्यांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक म्हणालं, "काकाजी, भाव जरा पाहा ना," की ते पातेलं उचलून त्याच्या कानाशी टण्णकन वाजवायचे आणि म्हणायचे, "आवाज ऐका." त्यापुढे घासाघीस करायची हिंमत गावात कोणाची नव्हती.

अशा माणसाच्या नावानं गावभर विनोद फिरावेत, ही करणी त्यांच्या सुनेची. आणि तिनंही ती काही ठरवून केली नव्हती.

ज्योत्स्ना माहेरची हिंगणीची. घर दुकानाच्या मागेच, मध्ये फक्त एक पडदा. नवरा पियुष टेम्पोत भांडी भरून आष्टीचा, कारंज्याचा बाजार करत हिंडायचा, म्हणून दुकानाचा मोबाइल घरातच राहायचा. "काचीवर बोट फिरवलं अन् पैसा गेला, हे काही मले पटत नाई," असं म्हणून मोतीलालजींनी तो सुनेच्या हवाली केला होता. आलेले पैसे पाहायचे, व्यापाऱ्यांचे पाठवायचे, एवढंच काम. ते ती दुपारी करायची. दुपारी अन्वी मांडीवर झोपायची, आणि तिला खाली ठेवलं की ती डोळे उघडायची, जणू गादीत विंचू आहे. त्यामुळे मांडीला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही. बाळाच्या पापण्या स्वप्नात थरथरायच्या, ओठ उगाचच दूध प्यायचे, आणि ज्योत्स्ना ते बघत बसायची. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता. बाकीचा कोणी ना कोणी आधीच मागून ठेवलेला.

एके दुपारी नागपूरच्या एका नव्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे होते. नंबर बरोबर आहे ना हे कळायला आधी एक रुपया टाकून पाहायचा, ही आता सगळ्यांचीच रीत. रुपयाखाली निरोप लिहायची रिकामी चौकट होती. इतर लोक तिथं "टेस्टिंग" लिहितात. ज्योत्स्नाला काय वाटलं कोण जाणे, तिनं लिहिलं: "भांडेवाला वाजवल्याशिवाय काही घेत नाई. पोरासाठी पोरगी पाह्यले गेला, अन् व्याह्याच्या डोक्याले टिचकी मारून आला."

पाठवलं आणि जीभ चावली. नागपूरचा व्यापारी, काय म्हणेल? थोड्या वेळानं त्याच्याकडून पाच रुपये आले. खाली निरोप: "चहा आपल्यातर्फे. आणखी आहे का?"

लग्न होऊन आल्यापासून "आणखी आहे का?" हे तिला फक्त भाजीबद्दल विचारलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तोच विनोद लिहून एक रुपया भावनाला पाठवला. भावना ब्लाउज शिवायची, तिच्याकडे दुपारी बायकांचा फड जमायचा. मग एकेक करत जुन्या गिऱ्हाइकांना. आपल्याकडे शेजारून वाटी आली की ती रिकामी परत पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. ही सवय लोकांच्या हाडात इतकी भिनलेली की आलेला रुपया नुसता ठेवून घेणं कोणाला जमेना. कोणी दोन परत करी, कोणी पाच. एकानं तर आहेर समजून अकरा पाठवले. विनोद आवडला नाही तरी लोक रुपयाचा रुपया परत करत आणि वर लिहीत, "कालचा चांगला होता."

सगळ्यात गाजला तो हा: "सासू म्हणे, पोरगी कोणावर गेली? म्हटलं, रडते तवा तुमच्यावर, झोपते तवा तुमच्या पोरावर."

निवृत्त मुख्याध्यापक अण्णाजींनी यावर दहा रुपये पाठवले आणि अभिप्राय लिहिला: "पुरुष असून स्त्रीमनाचा एवढा ठाव! धन्य आहे."

ज्योत्स्नानं तो अभिप्राय दोनदा वाचला. पुरुष कोण? तिला वाटलं, गुरुजींनी दुसऱ्याच कोणाचं इकडे पाठवलं असेल.

उलगडा केला भावनानं. ती चहाची गाळणी घ्यायला आली आणि पडद्यातून आत डोकावून कुजबुजली, "काय वं, तुहे सासरे तं भलतेच छुपे निघाले! तोंडावर माशी बसत नाई, अन् आत एवढा मसाला?"

"काऊन? काय झालं?"

"अवं, जोक नाई का पाठवून राह्यले सगळ्याईले! माह्या मोबाइलवर येते ना, 'मोतीलाल यांनी एक रुपया पाठवला.' माही सासू तं म्हणे, या माणसाले आपण उगाच खडूस समजलो."

ज्योत्स्नाला वाटत होतं, समोरच्याला दुकानाचं नाव दिसत असेल, आणि मोबाइल तिच्याकडे असतो म्हणून विनोद कोणाचे ते लोक ओळखत असतील. पण खातं ज्याचं, नाव त्याचं. आणि लोकांनी परत पाठवलेले रुपयेही त्याच खात्यात. मोतीलालजी महिन्याचं पासबुक पाहून म्हणाले होते, "यंदा चमचे बरे खपले."

"भावनाताई, ते मीच..." ज्योत्स्ना म्हणाली.

भावनानं तिच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, आणि खो खो हसली. "हाही चांगला आहे वं! घरातच लागण झाली म्हणा ना!"

इकडे मोतीलालजींचं जिणं कठीण होऊन बसलं. ते दुकानात आले की माणसं आधीच दात काढून तयार. ते म्हणाले, "कुकरची शिट्टी अलग घ्यावी लागन," की गिऱ्हाईक मांडीवर थाप मारून हसायचं. ते म्हणाले, "उधार बंद," तर बाहेर बाकावरचा ऑटोवाला पोट धरून खाली बसला. एकाच्या घरी मयतीला गेले, गंभीरपणे म्हणाले, "भला माणूस होता," आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मोतीलालजी घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बायकोला, प्रमिलाबाईंना, विचारलं, "माह्या पाठीले कोणी काही चिकटवलं का?"

शेवटी व्यापारी मंडळाचा अध्यक्ष कैलास दुकानात आला. ज्योत्स्ना पडद्याआड अन्वीला घेऊन बसली होती. हलायची सोय नव्हती, त्यामुळे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काकाजी, मंडळाच्या स्नेहसंमेलनात तुमचा सत्कार ठेवला," कैलास म्हणाला. "विनोदभूषण! शाल, श्रीफळ, अन् वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचा डबा."

"कायचा सत्कार?"

"आता काय लपवता! तुमच्या एका रुपयावर अख्खं तळेगाव हसून राह्यलं. तो टिचकीवाला तं नागपुरात पोचला. लिहिता कवा तुम्ही एवढं?"

पडद्याआड ज्योत्स्नाला वाटलं, फुटलं बिंग. आता उडेल भडका. मोबाइल जाईल, दुपार जाईल. पण बाहेर मोतीलालजींनी एक पातेलं उचललं, टण्णकन वाजवलं आणि जागेवर ठेवलं.

"लिहितो," मोतीलालजी म्हणाले. "वेळ भेटला की लिहितो."

कैलास गेला, तसे ते पडदा सारून आत आले. ज्योत्स्नानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वाचून दाखव," ते म्हणाले.

"काय, मामाजी?"

"माहे जोक."

तिनं सगळे वाचून दाखवले. बिलात चूक शोधावी अशा चेहऱ्यानं त्यांनी ऐकले. सासूच्या रडण्याचा आला तेव्हा स्वयंपाकघरात प्रमिलाबाईंच्या हातातली परात थांबल्याचा आवाज झाला, म्हणजे आवाजच बंद झाला.

"हा टिचकीवाला," मोतीलालजी विचारात पडून म्हणाले, "मले सुचला कसा असन?"

"तुम्हाले नाई सुचला, मामाजी. मी लिवला."

"मोबाइल कोणाचा?"

"तुमचा."

"खातं?"

"तुमचं."

"रुपया कोणाच्या घरचा गेला?"

"तुमच्याच."

"मंग?" मोतीलालजींनी हात झटकले. "माल दुकानाचाच झाला ना, बाई. आता संमेलनासाठी एक ताजा काढून दे. जमत नसन तं सांग, मोबाइल उद्यापासून गल्ल्यात ठेवतो. मंग पोरगी झोपली की तूही झोपत जा, तब्येतीले चांगलं राह्यते."

ते बाहेर गेले. ज्योत्स्ना झोपलेल्या अन्वीच्या मुठीत आपलं बोट देऊन बसली. रडू आलं नाही, राग आला, आणि राग आला की तिला विनोदच सुचायचे. तिनं कागदावर एक लिहिला. त्यात काहीच लपवलं नाही. हा ऐकून तरी लोकांच्या डोक्यात उजेड पडेल, अशी तिची खात्री होती. मोतीलालजींनी तो कागद वाचला, "लांबी बरोबर आहे" म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवला. अर्थ पाहायची जबाबदारी ऐकणाऱ्याची, असं त्यांचं मत असावं.

संमेलनाला मंगल कार्यालय भरलं होतं. बायकांच्या बाजूला ज्योत्स्ना, मांडीवर अन्वी, शेजारी प्रमिलाबाई. अण्णाजींनी भाषणात मोतीलालजींच्या विनोदाचे प्रकार पाडले, प्रत्येक प्रकाराला उदाहरण दिलं आणि उदाहरणाचा शेवट विसरले. मग शाल आली, श्रीफळ आलं. मोतीलालजींनी नारळ हातात घेऊन आधी वाजवून पाहिला. इथूनच लोक हसून कोसळायला लागले.

मोतीलालजींनी खिशातून कागद काढला आणि दरपत्रक वाचावं तसा वाचला.

"एक होता सासरा. सून जोक लिहे, अन् सासरा शाल पांघरे. एक दिवस सुनेनं विचारलं, मामाजी, याच्यात तुमचं काम काय? सासरा म्हणे, बाई, न हसण्याचं काम कोण करून राह्यलं?"

कार्यालयाचे पत्रे हलले. कैलासच्या डोळ्यांतून पाणी आलं. भावना मागच्या रांगेतून ओरडली, "वा, काकाजी, वा!" अण्णाजी उठून उभे राहिले आणि ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हणाले, "स्वतःवर विनोद करायले काळीज लागते, मित्रहो! एवढी विनम्रता!" टाळ्या थांबेनात.

ज्योत्स्ना या तोंडावरून त्या तोंडाकडे पाहत राहिली. एवढं उघडं करून सांगितलं, नाव तेवढं घ्यायचं बाकी ठेवलं, तरी एकाच्याही मनात शंका नाही. ऐकणाऱ्यांत तिच्याखेरीज न हसलेलं माणूस एकच होतं. प्रमिलाबाई.

"तूच लिवला ना हा?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"हो, आत्याबाई."

"माह्या रडण्यावरचाही?"

ज्योत्स्नानं मान खाली घातली. "हो."

प्रमिलाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "तो चांगला होता," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "आता तुह्या नावानं पाठवत जा. या घरात माहं नाव भांड्यावर कोरलं तेवढंच. तेही यांच्या नावाखाली."

पियुषनं आपल्या जुन्या मोबाइलवर तिला तिच्या बँकखात्याचं सगळं जोडून दिलं. "काय विकणार आहेस?" त्यानं विचारलं. "काहीच नाई," ती म्हणाली, तर त्याला ते धंद्याच्या दृष्टीनं चिंतेचं वाटलं. पण जोडून दिलं.

पुढच्या दुपारी तिनं आपल्या नावानं पहिला रुपया पाठवला. सगळ्यांना, आणि दुकानाच्या मोबाइलवर मामाजींनाही. तो मोबाइल आता खरंच गल्ल्यात ठेवलेला होता. सत्कार झाल्यापासून मोतीलालजींना काचेवर बोट फिरवणं पटायला लागलं होतं. जोक नवा होता, चांगला होता, दोन दिवस मनात घोळवून लिहिलेला: "बाळ झाल्यापासून घरात सगळे मले विचारते, बाळ झोपलं का? बाळाले कोणी विचारलं तं तेही सांगन, माय झोपत नाई."

उत्तरं आली. कैलासकडून: "वहिनी, काकाजीचं पाहून पाहून शिकल्या वाटते! चालू द्या." एका गिऱ्हाइकाकडून रुपयाचा रुपया परत: "हा मोतीलालजींचा आहे ना? चोरू नये." अण्णाजींकडून दोन रुपये आणि सविस्तर अभिप्राय: "प्रयत्न स्तुत्य. पण मोतीलालजींची छाप जाणवते. आपला स्वतःचा आवाज शोधावा."

पडदा हलला. मोतीलालजींनी आत तोंड घातलं.

"आला तुहा," ते म्हणाले. "बरा आहे. पण माह्यासारखा नाई जमला. तू असं कर, लिहून झालं की मले दाखवत जा. मी सांगत जाईन, कुठी हसावं लागते ते."

आणि ते गंभीरपणे परत गादीवर जाऊन बसले.

ज्योत्स्नानं तोंडात पदर कोंबला. हसण्यानं मांडी एवढी गदगदली की अन्वी जागी झाली, आणि आईला हसताना पाहून न रडता तीही आपले दोन दात दाखवू लागली. प्रमिलाबाई आल्या, काही न विचारता तिला उचलून खांद्यावर टाकून अंगणात घेऊन गेल्या.

ज्योत्स्नानं मोबाइल घेतला आणि मामाजी जे बोलले ते जसंच्या तसं उतरवून काढलं. एक काना इकडचा तिकडे केला नाही, सुरुवातीच्या 'मामाजी म्हणे' पलीकडे स्वतःचा एक शब्द घातला नाही. खाली पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतंच. पाठवून दिलं.

सगळ्यात आधी भावनाचे अकरा रुपये आले. मग कैलासचे. "चोरू नये" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकानं वीस पाठवले आणि लिहिलं, "माफ करा, ताई." अण्णाजींचा अभिप्राय शेवटी आला: "आता सापडला तुमचा आवाज! हे मोतीलालजींना सात जन्मांत सुचलं नसतं."

ज्योत्स्नानं ते वाचलं. बाहेर मोतीलालजी कोणा गिऱ्हाइकाला स्टीलच्या डब्याचं झाकण का वेगळं विकतात ते समजावून सांगत होते. ती सरकत सरकत पडद्याजवळ गेली, भिंतीला टेकून बसली, आणि एकेक शब्द नीट ऐकू लागली.