तीन आठवड्यांचे दात

खुर्चीशेजारच्या कपाटातला तिसरा खण डॉक्टरीण दिवसातून चार वेळा उघडायची आणि चार वेळा आदळून बंद करायची. आत काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी होती. डबीत पुढचे तीन दात, एकमेकांना जोडलेले, लॅबवाल्याने जीव ओतून केलेले. डबीवरच्या तारखेला आता पाच महिने होत आले होते. दात तयार होते, पण ज्या तोंडात बसायचे ते तोंड काही येत नव्हतं.

ते तोंड तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं होतं, म्हणून तर ही सगळी तगमग. परक्याचं असतं तर मावशींनी दोनदा फोन करून तिसऱ्यांदा दरडावलं असतं आणि विषय संपला असता. मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. डॉक्टरिणीचे वडील दवाखाना चालवायचे तेव्हापासूनच्या, आणि वडिलांपेक्षाही कडक.

दादा गाडी चालवायला शिकवायचा. वीस वर्षं त्याने शहरभरच्या लोकांना आधी पट्टा बांधायला शिकवलं, आणि ज्या दिवशी स्वतः बांधला नाही, नेमकं त्याच दिवशी शिकायला आलेल्या एका निवृत्त हेडमास्तरांना रस्त्यात मांजर दिसलं. हेडमास्तर ब्रेकवर उभेच राहिले. मांजर वाचलं. खाली पडलेलं पेन उचलायला वाकलेला दादा मात्र तोंडावर आपटला. एक दात जागीच गेला आणि त्याच्या दोन बाजूंचे अर्धे अर्धे तुटले.

तोंडाला रुमाल लावून तो आला आणि पंचवीस वर्षांनी त्या खुर्चीत बसला. दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर टाकून तो गाड्यांच्या नादी लागला, तेव्हा वडील म्हणाले होते, “या खुर्चीच्या आसपास पुन्हा दिसू नकोस.” वडील हट्टी आणि मुलगा सवाई हट्टी. मग वडील गेले, दवाखाना बहिणीकडे आला. भावाबहिणीत भांडण असं कधी झालंच नाही, फक्त बोलणं कामापुरतं उरलं. कुठे सही हवी, आईच्या चष्म्याचा नंबर काय, घराचं वीजबिल कुणी भरलं. त्या घराण्यात कामाशिवाय फोन करायची पद्धतच नव्हती. काम झालं की ‘बरं, ठेवतो’.

तर त्या दिवशी तिने दोन्ही अर्धे दात घासून त्यांचे खुंट केले, ठसा घेऊन लॅबला पाठवला, आणि खरा ब्रिज, म्हणजे खुंटांवर बसणारे ते जोडलेले तीन दात, येईपर्यंत तीन आठवडे चालेल असा कामचलाऊ ब्रिज तिथेच बनवायला घेतला. आणि चूक केली ती इथे.

कामचलाऊ दातांबद्दल वडिलांचा एक नियम होता. “त्याला एक खोट ठेवावी. रंग जरा पिवळट, नाहीतर कड जरा आखूड. आरशात बघितलं की माणसाला वाटलं पाहिजे, कधी एकदा खरे दात येतात. फार चांगला केलास तर तो परत येणार नाही. आपण तो चिकटवतो कच्च्या सिमेंटने, सहज निघावा म्हणून. ते सिमेंट विरलं की आत लाळ शिरते आणि खुंट कुजतात. वरून हसू, आतून माती.” हा नियम तिने शेकडो रोग्यांना लावला होता. लोकांनी तोंडं वाकडी केली, कुरकुर केली, आणि सगळे वेळेवर परत आले.

पण हा दादा होता. तो हसायचा तेव्हा पुढचा डावा दात शेजारच्यावर किंचित चढलेला दिसायचा, हे तिला अजून आठवत होतं. तिने तो तसाच चढवला. रंग तीनदा बदलला. कड घासली, पुन्हा घासली, आणि तासभर चकाकी देत बसली. बाहेर दोन रोगी खोकून दमले.

मावशींनी चष्मा वर करून बघितलं. “फार छान केलात हो. सर असते तर ओरडले असते.”

“मावशी, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

“प्रश्न तीन आठवड्यांचाच असतो, बाई.”

दादाने आरसा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. मग म्हणाला, “चिमे, हा तर मीच!” आणि हसला. तिला इतका आनंद झाला, की हात धुवायचं निमित्त करून तिला बेसिनकडे वळावं लागलं.

अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही. तीन आठवडे झाले, चार झाले. “सोमवारी येतो” म्हणायचा. सोमवार यायचा आणि एकटाच जायचा. ती दर बुधवारी फोन करू लागली. आधी दातांचंच बोलणं व्हायचं, मग हळूहळू फाटे फुटले. एका बाईंनी रिव्हर्स घेताना डोळे कसे मिटले, आई टीव्हीशी कशी भांडते, पत्नीने त्याला पथ्यावर कसं ठेवलंय. एखादा गमतीदार रोगी आला की तिच्या मनात यायचं, हे बुधवारी दादाला सांगायचं. शेवटी तो म्हणायचाच, “येतो गं सोमवारी. बसलंय ना झकास!”

दहाव्या आठवड्यात तिचा तोल गेला. “तुला काही अक्कल आहे का? आत काय होतंय याची कल्पना तरी आहे?” पलीकडून थंड आवाज आला, “बाबांसारखी बोलायला लागलीस.” आणि फोन बंद. पुढचे दोन बुधवार त्याने उचललाच नाही. त्या दोन आठवड्यांत ती भावाशिवाय पुन्हा जगून बघून आली, आणि तेव्हापासून जपून बोलू लागली. जोर करावा तर भाऊ जातो, न करावा तर त्याचे दात जातात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

तेव्हापासून तिला चैन म्हणून नव्हती. फोनवर त्याचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकायची, कुठे फट पडल्यासारखा वाटतो का म्हणून. दुकानात गेली की लोकांच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा तर रोग्याचा उजवा दात सोडून डाव्यावर आरसा धरून बसली. दोन रोग्यांच्या मध्ये ती खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा येरझाऱ्या घालायची.

“पायाला भिंगरी लागलीय तुमच्या,” मावशी म्हणाल्या. “बसा तरी जरा. नाहीतर तो खण तरी उघडाच ठेवा, कडी निघून आलीय त्याची.”

बाविसाव्या आठवड्यात दादा म्हणाला, थंड पाणी प्यालं की झिणझिण्या येतात. तेविसाव्या बुधवारी मात्र आवाज खुशीत होता. “बघ, तू उगाच घोर लावून घेतेस. दुखायचं थांबलं. आपोआप बरं झालं.”

तिने फोन ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसली. ठणका असतो तोवर दात जिवंत असतो. ठणका असाच थांबतो तेव्हा आतली नस मेलेली असते. हे त्यालाही कधीकाळी शिकवलं होतं, पण तो वर्ग त्याने बहुतेक बुडवला असणार.

“मावशी, दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोन लावा. एक बाई आहेत म्हणावं, लायसन्स बारा वर्षं कपाटात पडलंय, सराव हवाय. उद्या सकाळी आठ. नाव माझं सांगू नका.”

“आणि कुणाचं सांगू?”

“तुमचं सांगा.”

मावशींनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, पण नाव दिलं.

सकाळी कोपऱ्यावर गाडी थांबली. दादाने काच खाली केली आणि बघतच राहिला. “तू?”

“पैसे भरलेत. सरक तिकडे.” ती चालकाच्या जागेवर बसली आणि पट्टा बांधला. “तूही बांध.”

त्याने निमूटपणे बांधला. मग शिकवायच्या सवयीनेच बोलायला लागला, “आरशात बघ. क्लच पूर्ण दाब. हळू सोड. हळू म्हटलं!” गाडीने दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. मागून हॉर्न वाजले. तिसऱ्यांदा निघाली. पिठाच्या गिरणीपाशी तो म्हणाला, “उजवीकडे.” तिने डावीकडे वळवली. डावीकडचा रस्ता सरळ दवाखान्यावर जायचा.

“चिमे, उजवीकडे म्हटलं मी.”

“ऐकलं.” तिने गाडी तशीच पुढे नेली. “दादा, दुखायचं थांबलं ते बरं नाही झालेलं. मला भीती वाटते. वाटल्यास पुन्हा बोलू नकोस माझ्याशी, पण आज तोंड उघड.”

शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याचा पाय त्यावर होता. तिने तिरक्या नजरेने बघितलं. त्याने ब्रेक दाबला नाही.

खुर्चीत बसल्यावर तो छताकडे बघत राहिला. ब्रिज काढायला हत्यार लागलंच नाही, नुसत्या बोटाने हातात आला. वास आला तसा मावशींनी मास्क वर ओढला. डावा खुंट ठीक होता. उजव्यात तिने टोकदार सळी टेकवली तर ती भिजलेल्या बिस्किटात जावी तशी आत गेली. तिने दुसऱ्यांदा करून बघितलं नाही.

“उजवा गेला,” ती म्हणाली. “काढावा लागेल. लॅबचा ब्रिज आता बसणार नाही. मोठा करावा लागेल, त्यासाठी आणखी दोन चांगले दात घासावे लागतील. सगळं भरून यायला तीन-चार महिने. दादा, ही माझी चूक आहे. बाबा म्हणायचे खोट ठेव. मी ठेवली नाही. तुला तसं हसताना बघायचं होतं मला.”

तो उठून बसला. चूळ भरली. मावशी ट्रे घेऊन उगाचच आतल्या खोलीत गेल्या.

“मला ठाऊक होता तो नियम,” तो बोळक्या तोंडाने म्हणाला. “मलाही शिकवला होता बाबांनी. सिमेंट किती दिवस टिकतं तेही.”

“मग आला का नाहीस?”

“दात बसला असता की झालं असतं काम. आपल्या घरात कामाशिवाय फोन कोण करतं?” तो हातातल्या पेल्याकडे बघत होता. “बुधवार बंद झाला असता.”

तिला रागवायचं होतं. चांगले पाच-सहा शब्द तोंडाशी आलेही होते. पण तो म्हणत होता ते खरं होतं. खरा ब्रिज बसवून तिने कागदावर ‘पूर्ण’ असा शिक्का मारला असता, आणि त्यानंतर फोन केला असता तो थेट आईच्या चष्म्यासाठी.

“मूर्ख आहेस,” ती एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “एक अख्खा दात घालवलास त्यापायी.”

“आहेच,” तो म्हणाला.

तिने उजवा खुंट काढून टाके घातले. मग नवा कामचलाऊ ब्रिज केला, आणि या वेळी वडिलांच्या नियमाने केला. रंग पिवळट, कड आखूड. दादाने आरशात बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. “हे काय गं? शिकायला येणारे पळून जातील. आणि बोलताना शीळ वाजतेय.”

“वाजू दे. भरून येईपर्यंत दर तीन आठवड्यांनी बदलायचाय.” मावशींनी आतून “शाब्बास!” म्हटलं.

टाके काढायला तो सोमवारी यायचा होता. उरलेला गुरुवार तिने कसाबसा काढला. खणाची कडी दुरुस्त करून घेतली, जुनी डबी सगळ्यात खालच्या खणात ठेवली. शुक्रवारी दुपारी दोन रोग्यांच्या मध्ये ती पुन्हा खिडकी ते कपाट करू लागली, आणि मग फोन हातात घेतला. बुधवार नव्हता. काही कामही नव्हतं. तीनदा नंबर लावून तिने तीनदा खोडला. पंचेचाळिशीच्या बाईला सख्ख्या भावाला फोन करायला धाप लागावी, म्हणजे कमालच.

चौथ्यांदा लावला.

“काय गं, सोमवारची वेळ बदललीस?”

“नाही.”

“ठणकत नाहीये. गोळ्या घेतोय.”

“ते नाही विचारलं मी.”

“मग? आईचं काही?”

“काही नाही. असाच केला.”

पलीकडे गाडीचा आवाज येत होता, आणि कुणीतरी शिकणारं घाबऱ्याघुबऱ्या विचारत होतं, आता काय करू. तिला वाटलं, ठेवून द्यावा.

“असाच?” तो म्हणाला, आणि आखूड दातांतून बारीक शीळ वाजली. “थांब मग. ठेवू नकोस. गाडी बाजूला घ्यायला सांगतो.”