पिवळी रेघ

नटावरची पिवळी रेघ खालच्या पट्टीवरच्या रेघेला अगदी बरोबर मिळत होती. नट आवळला की त्यावरून पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. फरीदाबादच्या या कारखान्यात ही पद्धत देखभाल-इंजिनिअर हेमांगीनेच आणली होती. पण जेवणाच्या सुट्टीत पत्रा दाबणारी मोठी प्रेस थांबली, तेव्हा शिडीवर चढून तिने टॉर्च धरला आणि ताज्या रंगाच्या शेजारी जुन्या, पुसट रेघा तिला दिसल्या. एकीच्या बाजूला दुसरी, पंख्याच्या काड्यांसारख्या. नट फिरून सैल होत राहिला होता; दर वेळी कोणीतरी फक्त रेघ नव्याने ओढली होती.

अशाच नटांवर प्रेसचं अवजड चाक तोललेलं होतं. चाकाच्या बरोबर खाली ऑपरेटर ओमवीरचं स्टूल.

तो डबा संपवून परतला. "मॅडमजी, आजकल ये प्रेस गुनगुनाती है," तो हसत म्हणाला. "बुढापे में गाने का शौक चढा है."

हेमांगीला हसू आलं नाही.

दर आठवड्याला मशीन थोडा वेळ थांबवून सगळं तपासायचं, हा तिचा नियम लागू झाल्यापासून बिघाड जवळजवळ संपले होते. मग बिघाडच होत नाहीत तर थांबायचं कशाला, असं प्लांटप्रमुख सुधाकर सरांनी ठरवलं. आठवड्याचा थांबा महिन्यावर गेला, मग दिवाळीच्या ऑर्डरीपलीकडे. ती दर वेळी परवानगी मागायची, ते पुढची तारीख द्यायचे, आणि ती मान डोलवायची. मशीन थांबवण्याचा अधिकार तिलाही होता. तो तिने कधी वापरला नव्हता.

सर राउंडवर आले तेव्हा तिने त्यांना रेघांबद्दल सांगितलं.

"ऑडिट होतं ना यार," ते म्हणाले. "पोरांनी रंग मारला असेल. तुझ्याच कृपेने ही प्रेस कधी बंद पडत नाही, आणि तूच घाबरतेस? रविवारी बघू, बिल्कुल."

भोंगा झाला. ओमवीर स्टुलावर बसला. चाक हळूहळू वेग घेऊ लागलं, आणि जमिनीतली बारीक थरथर हेमांगीच्या तळव्यांना जाणवली. सर फोन काढत वळले होते.

"ओमवीर भैया, मशीन रोकिए. वहाँ से उठ जाइए."

सर थबकले.

"मी प्रेस बंद करतेय, सर," ती म्हणाली. "विचारत नाहीये."