बेबाबाईने लावलेल्या तारा

"बस व माय, बस की गुमान!" बेबाबाई तारेवर डाफरली. मांडीवर गिटार, दातांत बारीक तार, आणि जाड तार काही केल्या खाचेत बसेना. शेवटी तिने विळ्याच्या टोकाने खाच कोरली आणि तार दाबून बसवलीच. हट्टाला पेटलेली बाई ती, लाकडाचं काय चालतंय तिच्यापुढे!

नवरा, तोताराम, असोद्याच्या स्टँडवर मगनला आणायला गेला होता. मगन त्याचा भजनातला जुना सोबती. आज तो गिटार कायमची न्यायला येत होता. भुसावळचा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर देश सोडताना ती तोतारामला देऊन गेला, आणि या बहाद्दराने ती थेट भजनात नेऊन वाजवली होती! गाव आधी हसलं, मग डोलायला लागलं. पण जळगावच्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या यंत्रात, त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आणि एक बोट तेवढं उरलं, तेव्हापासून गिटार खुंटीवर. बिनतारांची वस्तू देणं बरं दिसत नाही म्हणून तोतारामने नव्या तारा आणल्या, पण त्याच्या हाताने त्या बसेनात. गिटार घरातून जाऊ नये असं बेबाबाईला मनातून वाटत होतं. पण ऐकतो कोण? निदान सजवून तरी पाठवू, म्हणून तीच तारा लावायला बसली.

मगन आला, पाणी प्यायला, गिटार घेऊन छेडली आणि पोट धरून हसत सुटला.

"वहिनी, अवं साऱ्या उलट्या लावल्या! जाडी खाली, बारीक वरती!"

तोतारामचं डोकंच फिरलं. "काय करून ठेवलं व हे? इतके वर्षं समोर बसून काय पाह्यलं तू?"

"तेच पाह्यलं!" बेबाबाई तडकली. तिने गिटार हिसकावली आणि त्याच्यासमोर बसकण मारली. "हे पाहा. दांडी माह्या उजव्या हाताकडे, जाडी तार वरती. तुमी समोर बसून वाजवत, तवा मले असंच दिसे. याच डोयांनी पाह्यलं मी!"

मगनचं हसू थांबलं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोतारामच्या. "तोताराम, अरे, दांडीवर तिचा उजवा हात आहे. असं धरलं तर तारा सुलट्याच, अन् छेडाले डावा अंगठा पुरे. तुह्या उजव्याले काय झालंय?"

मगनने खुंट्या पिळून सूर लावला आणि गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. तोतारामने उजवा हात दांडीवर नेला, डाव्या अंगठ्याने तार ओढली. बेसूर! पुन्हा ओढली. उजवी बोटं नव्या सुनेसारखी चाचपडत होती. मग अभंगाची अर्धी ओळ वाकडीतिकडी का होईना, निघाली. बेबाबाईचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवलेही नाहीत.

"मगन, आता तुले काय देऊ रे?" तोताराम ओशाळून म्हणाला.

"चहा पाज. अन् शनवारी भजनाले ये."

"असं उलटं धरून? लोक हसतीन."

"हसतीन तर हसतीन," बेबाबाई म्हणाली. "तुमी माह्याकडे पाहून वाजवा."

तोतारामने मान वर केली. सूर लगेच चुकला, पण तो थांबला नाही.