दादाच्या खिडकीतली लिमिट

आमचा दादा चिडला की ओरडत नाही, हळू बोलतो. त्याचाच मला जास्त संताप येतो. त्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर तो वहिनीला हळूच म्हणाला, "उद्यापासून तू घरीच थांब."

दवाखान्यांचे एक्स-रे, स्कॅन सांभाळून ठेवायचे, हा आमचा घरचाच धंदा. दादा मालक. वहिनीकडे स्टोरेज, म्हणजे कितीतरी मशिनांवर विखुरलेल्या डिस्का. माझ्याकडे क्लायंट, म्हणजे त्या डिस्कांतून फोटो काढून डॉक्टरांना दाखवणारा प्रोग्रॅम. वहिनीने नव्या डिस्का जोडल्या आणि माझा क्लायंट धडाधड कोसळायला लागला. डॉक्टर फोनवर शिव्या घालत होते. स्क्रीनवर एकच रडगाणं: मेमरी पुरत नाही. मेमरी तर ढीगभर मोकळी पडली होती!

"थ्रेडची लिमिट संपतेय," वहिनी सकाळीच म्हणाली. "क्लायंट प्रत्येक डिस्कशी बोलायला वेगळे थ्रेड काढतो, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी छोटी कामं. डिस्का वाढल्या, थ्रेड वाढले. मेमरीचं उगाच नाव. सर्व्हिसची लिमिट बघा."

स्वतः बघणार कशी? क्लायंटच्या मशीनचा पासवर्ड दादाने तिला कधी दिलाच नव्हता.

"लिमिट मी वाढवली," दादा म्हणाला. त्याने आपल्या स्क्रीनवरच्या कमांडच्या खिडकीत कमांड मारली, भला मोठा आकडा आला. "तरी पडतोय. म्हणजे तुझ्या डिस्काच भिकार." आणि वर ते, "उद्यापासून तू घरीच थांब."

मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला ही बाई कधीच आवडली नाही. ऑफिसात आल्या आल्या माझं टेबल हलवलं होतं तिने. जाते तर जाऊ दे, म्हटलं.

वहिनी ड्रॉवर आवरायला लागली. मी क्लायंट पुन्हा चालू केला, पुन्हा आपटला. माझं डोकंच फिरलं. दादाचा आकडा राहू दे बाजूला, म्हणून मी थेट त्या क्लायंटलाच लागू असलेली लिमिट काढून पाहिली. जुनीच! दादाने लिमिट वाढवली होती ती फक्त त्याच्या त्या एका खिडकीपुरती. क्लायंट चालतो सर्व्हिस म्हणून, म्हणजे मागच्या मागे आपोआप, वेगळ्या युजरखाली. त्याला दादाच्या खिडकीशी काय घेणंदेणं?

मी सर्व्हिसच्या फाइलमध्ये लिमिट वाढवली आणि क्लायंट चालू केला. फोटो सटासट उघडायला लागले.

"अरे गाढवा," मी ओरडले, "स्वतःचीच लिमिट वाढवून बसलास!"

कोणीतरी फिसकन हसलं. दादाचे कान लाल झाले. "हे घरी बोलता आलं नसतं?"

"तू तिला घरी बोललास का?"

तो वहिनीकडे वळला. "बरं, झालं गेलं. बस जागेवर."

वहिनी बसली नाही. तिने पर्स खांद्याला लावली. "ताई, सकाळी मी हेच सांगत होते. तेव्हा तुम्ही दोघांनी ऐकलं नाही. आत्ताही माझं नाही, मशीनचंच ऐकलंत."

"वहिनी, अगं..." मी उठले. ती दार लोटून निघून गेली.

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "आता स्टोरेज कोण बघणार?"

एवढंच सुचलं त्या माणसाला.