तोटी तेवढी काढा

मी एक जुना माठ आहे. मित्रांनो, एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडत नसला की तुम्ही त्याला 'माठ' म्हणता ना? ते मला आता मुळीच सहन होत नाही. का, ते ऐका.

कुंभाराने मला घडवलं, पण माझं रूप ठरवलं अभ्यासवाल्या ताईंनी. त्या विद्यापीठात शिकवायच्या. माझं तोंड एवढं अरुंद की आत हात शिरू नये, आणि बुडाशी तोटी. वस्तीतल्या अर्ध्या घरांत आम्ही होतो, उरलेल्या घरांत नेहमीची उघडी भांडी. ताई वर्षभर दारोदार फिरून एकच विचारायच्या, पोरांची पोटं कशी आहेत?

मी ज्या घरात होतो तिथे शिवणकाम करणारी एक आई आणि तिची रांगती मुलगी राहायची. थोरला मुलगा जुलाबाने गेला होता. म्हणून आई मला इतकं घासायची की पोरीलाही तेवढं घासत नसेल. त्या वर्षात मुलीचं पोट एकदाही बिघडलं नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायची आणि मी फुगायचो.

मग एक दिवस ताई म्हणाल्या, "वहिनी, हा माठ मला राजधानीत न्यायचाय. नवाकोरा नेला तर शोभेचा वाटेल. वापरातला पाहिला की साहेबांना पटेल, मग घरोघरी मिळतील."

"आणि तोवर माझ्या पोरीनं काय करायचं?"

"आठवड्याचाच तर प्रश्न आहे. मी स्वतः आणून देते."

आईने मला पुसलं आणि ताईंच्या हवाली केलं.

सभागृह थंडगार होतं. लांबलचक टेबलाच्या टोकाला मोठे साहेब, शेजारी परदेशातून मदत देणाऱ्या संस्थेचे सल्लागार. ताईंच्या वाट्याला जेवणाआधीची पाच मिनिटं आली. त्या जीव तोडून सांगत होत्या आणि साहेब फोनवर बोट फिरवत होते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी सल्लागारांनी मला निरखलं. "कल्पना उत्तम आहे. पण आमचं चिन्ह कुठे लावायचं? पुढे तर तोटी येते."

"मग तोटी तेवढी काढा," साहेब म्हणाले. "आणि माती कशाला? प्लास्टिकची बादली करा, वर झाकण. झालं."

"साहेब, तोटी काढली की पाण्यात हात जाणार. अख्खा अभ्यास तेवढाच आहे," ताई म्हणाल्या.

"मॅडम, तत्त्व तुमचंच ठेवलंय. तुमचं नावही छापू. चला, जेवण गार होतंय."

मला वाटलं, आता ताई भांडतील. त्यांनी कागद आवरले आणि त्या जेवायला गेल्या. शी! मला तिथेच शिसारी आली. जेवून आलेल्या कुणीतरी चघळलेलं च्युइंगम माझ्या तोटीला चिकटवलं. मग माझ्यात फुलं खोचून मला काचेच्या कपाटात ठेवलं, वर पाटी, 'संशोधनातून धोरणाकडे'. आठवडा सरला, महिने सरले, न्यायला कुणी आलं नाही.

बादल्या वाटायच्या दिवशी मला नटवून वस्तीतल्या मंचावर मांडलं. आई रांगेत होती. कडेवर मुलगी, डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. साहेबांनी बादली पुढे केली. आईने ती फिरवून पाहिली. "हिला तोटी कुठंय?"

"बाई, कॅमेऱ्याकडे बघा," साहेब हसत म्हणाले.

तेवढ्यात तिने मला ओळखलं. बादली साहेबांच्याच हातात ठेवली, माझ्यातली फुलं उपटून फेकली आणि मला दुसऱ्या कडेवर घेऊन ती खाली उतरली. पहिल्या रांगेत ताई होत्या. आई त्यांना एवढंच म्हणाली, "आठवडा म्हणाला होतात."

ताईंनी मान खाली घातली. फोटो मात्र निघालाच, आणि अहवालात छापूनही आला. खाली ओळ होती, 'लाभार्थी महिलेचा उत्साह'. ह्याला काय म्हणावं?

आमची मुलगी हळूहळू सावरली. ज्या घरांत आमच्यासारखे माठ नव्हते, तिथे मात्र त्याच बादल्या आहेत. पेला बुडतो, त्याच्याबरोबर हात बुडतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, अशाच टेबलाशी बसाल. तेव्हा माझ्यासारख्याला फुलं नकोत, कपाट नको. तोटी कशासाठी आहे तेवढं विचारा, आणि उत्तर कळेपर्यंत जेवायला उठू नका.

काल शेजारणीचं पोर गेलं. भेटायला आलेल्यांना बसायला घरात काही नव्हतं. तिने ती बादली पालथी घालून पुढे सरकवली.